लक्ष्मणरावांची शुगर

मलकपेठेत आमच्या समोरचं दार लक्ष्मणरावांचं. त्यांची निशिगंधा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पोरगी हुशार, पण हट्टी इतकी की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. रुग्णागणिक उपचार ठरवताना एआयवर विश्वास ठेवाल का, असा फॉर्म कॉलेजात भरून घेतला, तेव्हा तिने 'पूर्ण विश्वास'वर खूण केली आणि घरी येऊन वडिलांनाच कामाला लावलं.

शुगर मोजायचं यंत्र तिने फोनला जोडलं. बोट टोचलं की आकडा ॲपमध्ये जाई आणि इन्सुलिन किती घ्यायचं ते ॲप सांगे.

"डॉक्टरांना विचारलंस का?" मी म्हटलं.

"काका, डॉक्टर बाबांना महिन्यातून पाच मिनिटं बघतात. हे रोज बघतंय."

आमची अक्कल ती किती!

लक्ष्मणराव मूळचे बिदरकडचे. आल्यागेल्याला काही दिल्याशिवाय सोडायचे नाहीत. आता चहाबरोबर शुगरही बघून देऊ लागले. "या भगवंतराव, बोट द्या!" मला म्हणायचे. सुई दर वेळी नवी, यंत्र तेच. खालचा टेलर, वरची रंजना, मी, सगळे शुगरवालेच; सगळ्यांनी बोटं पुढे केली. तिकडे ॲप लक्ष्मणरावांचं इन्सुलिन वाढवत गेलं आणि निशिगंधा खूश, की ॲप किती बारीक लक्ष ठेवतंय.

मंगळवारी सकाळी लक्ष्मणराव खुर्चीतच कलंडले. घामाने ओलेचिंब, हाक मारली तर ओ नाही. तिने बोट टोचलं. शुगर चौतीस! कसंबसं रिक्षात घालून दवाखाना गाठला.

ग्लुकोज चढल्यावर त्यांनी डोळे उघडले. "कशाला परेशान होऊ लालीस? क्या बी नै हुआ."

निशिगंधा फोन घेऊन बसली होती. "बाबा, रविवारी दुपारी तीनशे दहा? काय खाल्लं होतं?"

"मी खाल्लं होतं," मी म्हणालो. "लग्नाला गेलो होतो. खुबानी का मीठा."

तिने माझ्याकडे बघितलं. मग भराभर खालचे आकडे दाखवत सुटली. मी सांगत गेलो, हा टेलरचा, हा रंजनाचा, हा पुन्हा माझा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, यात तुमचे कुठले?"

लक्ष्मणरावांनी चष्मा मागून घेतला आणि बराच वेळ यादी बघितली.

"असतील दोन-तीन," ते म्हणाले. "इन्सुलिनची सुई पोटात जाते, ती कळत नाही. बोट रोज टोचून घ्यायची मला भीती वाटते. तू कधी विचारलंच नाहीस."