विलासच्या कार्डावरचे पॉइंट्स आणि दामाचा बर्फ

पॉइंट्सना एक्सपायरी असते, किश्श्यांना नसते. त्यामुळे आमच्या रेवदंड्याच्या बंदरावर, सकाळच्या चहाला, विलासच्या कार्डावर जेवढे पॉइंट्स जमले त्याच्या दुप्पट किस्से जमलेत. थोडं मीठ मी लावतो, पण मासा खराच आहे.

विलास म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र, कॉलेजातला रिटायर्ड क्लार्क. मुलगी सायली मस्कतला. तिच्याकडे जायचं ते पॉइंट्सच्या फुकट तिकिटावरच, असा याचा पण. गेली सहा वर्षं तो विमान कंपनीचं क्रेडिट कार्ड घासतोय आणि उज्ज्वलावहिनी वाट बघतायत. यंदा सायलीला दिवस गेले. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बाळंतपणाला मी तिथे पाहिजे."

*

स्वतःच्या पेन्शनीत पॉइंट्स किती होणार? म्हणून विलासनं बंदरच कामाला लावलं. कुणी जाळं घेवो, कुणी इंजिनचा पार्ट, पैसे याच्या हातात द्यायचे आणि दुकानात हा कार्ड देणार. लग्नाच्या मांडवाचं बिलसुद्धा याच्याच कार्डावर. नवरदेवाच्या आधी मांडववाला विलासला शोधायचा.

दामा तांडेलनं तर आठ महिने होडीचं डिझेल याच्या कार्डावर भरलं. मग एक दिवस विलासनं बारीक अक्षरातले नियम वाचले. इंधनावर पॉइंट्स मिळतच नाहीत!

दामानं चहा संपवला, बशी पालथी घातली आणि म्हणाला, "येवढ्या डिझेलात वहिनीला मीच मस्कतला सोडून आलो असतो."

तरी माणूस दिलदार. दुसऱ्या दिवसापासून त्यानं मासळीचा बर्फ कार्डावर घ्यायला सुरुवात केली.

*

आमच्या चहातल्याच इकबालभाईंनी बावीस वर्षं आखातात नोकरी केली. मेंबरशिपचा फॉर्म एकदाही भरला नाही. एअर होस्टेसनं दिलेला फॉर्म ते समोशाखाली धरायचे.

विलासनं त्यांच्या सगळ्या फेऱ्यांचे माइल्स मांडून दाखवले आणि म्हणाला, "भाई, यात अख्खी गल्ली फिरून आली असती."

इकबालभाई दोन दिवस चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "मियाँ, घरी यायची घाई असायची. मैल कोण मोजतो?"



*

कार्डावर एअरपोर्टचं लाउंज फुकट, खाणंपिणं धरून. एकदा इकबालभाईंना सोडायला मुंबईला गेलो, तर हा घरून उपाशी निघालेला. गेटवर शिपायाला कार्ड दाखवून म्हणतो, "मला फक्त जेवायचंय."

तिकिटाशिवाय आत सोडतोय कोण? शेवटी पार्किंगमध्ये वहिनींनी इकबालभाईंसाठी दिलेली आणि गाडीतच राहिलेली सुकटीची चटणी आणि भाकरी आम्हीच संपवली. वरून विमान गेलं. विलास म्हणाला, "व्ह्यू तोच आहे."

*

या माणसाला कार्डाचे सगळे नियम पाठ. "विमानाचं तिकीट कार्डावर काढलं की पाचपट पॉइंट्स!" हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. स्वतः मात्र तिकीट विकत घ्यायचं नाही, त्यामुळे पाचपट कधी दिसले नाहीत. बिलातलीही तो फक्त पॉइंट्सची ओळ वाचतो. बाकीचं वहिनी बघतात. जोडकार्डही, म्हणजे त्याच खात्याचं दुसरं कार्ड, त्यांच्याच पर्समध्ये.

*

सायलीला सातवा महिना लागला आणि पॉइंट्स जवळजवळ पुरे झाले. त्याच आठवड्यात विमान कंपनीनं तिकिटाला लागणारे पॉइंट्स वाढवले. विलास असं तोंड घेऊन आला की दामानं आधी डोक्यावरची टोपी काढली आणि मग विचारलं, "कोन गेलं?"

इकबालभाईंनी सरळ सांगितलं, "विलासभाऊ, हट्ट सोडा, तिकीट विकत घ्या. बच्चा तुमच्या पॉइंट्ससाठी थांबणार नाही."

"सहा वर्षं, भाई," विलास म्हणाला. "एक महिना द्या."

वहिनींनी कढई चढवून डिंक तळायला घेतला.

मग महिनाभर बंदरानं बर्फ घेतला, म्हणजे काय घेतला! दामानं होडी दुरुस्तीला ओढलेली असतानाही घेतला.

*

गेल्या मंगळवारी बिल आलं. पॉइंट्सनी अशी उडी मारलेली की विलासनं आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना चहा पाजला. "बर्फ!" तो म्हणत होता. "हा सगळा दामाचा बर्फ!" दामाची कॉलर ताठ.

वरात थेट घरी. वहिनी डिंकाच्या लाडवांचा डबा दोरीनं बांधत होत्या. विलासनं दारातूनच सांगितलं, "उज्ज्वला, तुझं तिकीट झालं!"

वहिनींनी गाठ मारली. "माझं महिन्यापूर्वीच काढलंय. परवाचं विमान आहे. या पॉइंट्सवर तुमचं काढा."

"काढलंस? कशावर?"

"कार्डावर. पाचपट मिळतात ना? तुम्हीच रोज सांगता."

विलास दाराला टेकला. आम्ही चपला शोधायला लागलो.

"थांबा दामाभाऊ," वहिनी म्हणाल्या आणि बांधलेला डबा पुन्हा सोडला. "लाडू घेऊन जा. तिकिटात थोडे पॉइंट्स बर्फाचेपण असतीलच."