आढीतल्या बाटल्या

आमच्या ह्यांना नाद होता फ्रान्सच्या तांबड्या वाइनचा. वकील माणूस, विडीसुद्धा ओढत नसे. पण रत्नागिरीतल्या एखाद्या साहेबाची बदली झाली आणि बंगल्यावर सामानाचा लिलाव लागला, की हे कोट चढवून निघालेच. लोक खुर्च्या-आरशांसाठी भांडायचे, व्हिस्कीवर उड्या पडायच्या. त्या आंबट तांबड्या बाटल्यांना कुणी विचारत नसे, म्हणून ह्यांना त्या मातीमोलाने मिळायच्या. प्रत्येक बाटली उजेडात धरायची, एक डोळा मिटायचा आणि वाइन मानेपर्यंत आहे ना ते बघायचं. खाली उतरलेली दिसली तर बुचातून हवा शिरली, माल बिघडला. एवढं करूनही एखादी फसायचीच. ती मग मुकाट्याने माडाच्या मुळाशी.

"अहो, जग स्वदेशीच्या शपथा घेतंय," मी म्हणायची, "आणि तुमचं हे काय मेलं भलतंच!"

"इंग्रजांचं कुठं आहे? फ्रेंचांचं आहे!"

वकिलाशी कोण बोलणार?

रविवारी जेवणाआधी अर्धी वाटी घेत, बास. बाकीच्या बाटल्या न्हाणीघरामागे, जांभ्या दगडात खणलेल्या गार कोनाड्यात आडव्या निजलेल्या असत. चोरून, अर्थातच. गावात बभ्रा झाला असता तर माझ्या नणंदेला कुणी दारात उभं केलं नसतं. सासू-सासरे गेलेले, तिचं लग्न आमच्याच डोक्यावर. आधीच रंगाने सावळी म्हणून दोन ठिकाणांहून नकार आलेले. दुसऱ्या नकारानंतर ती मला म्हणाली होती, "वहिनी, आता नको गो कुणाला बोलावू." फार वाईट वाटलं मला.

तरी मे महिन्यात मुंबईचं एक स्थळ सांगून आलं. मूळचे राजापूरकडचे. मुलगा आणि त्याचे वडील बोटीने येणार होते. हे त्यांना आणायला बंदरावर गेले आणि माझ्या एकदम लक्षात आलं, पाहुणे हातपाय धुवायला न्हाणीकडेच जाणार की! मी पदर खोचला, सगळ्या बाटल्या उचलल्या आणि कोठीच्या खोलीत आंब्यांची आढी लावली होती, तिच्यात आंब्यांच्या मधोमध खुपसल्या. वर पेंढा सारखा केला. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले म्हणून सांगू!

पन्हं झालं, मुलगी बघून झाली. मुलगा तिच्याशी दोन शब्द बरे बोलला. मी देवाला हात जोडणार, तोच त्याचे वडील उठले. "यंदा आंबा कसा आहे? आढी लावली असेल ना? चला, बघू तरी."

कोकणातला माणूस मे महिन्यात कुणाच्या घरी गेला की आढीत हात घालतोच. मला, इथंच जन्मलेल्या बाईला, हे सुचू नये? काय म्हणावं या डोक्याला!

त्यांनी पेंढा बाजूला केला, वाकून वास घेतला आणि आत हात घातला. हात बाहेर आला तो बाटली घेऊन. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दारात नणंद उभी होती, तिने मान खाली घातली.

ते गृहस्थ बाटली घेऊन खिडकीपाशी गेले. उजेडात धरली. आणि एक डोळा मिटला.

"मानेपर्यंत आहे," ते म्हणाले. "वकीलसाहेब, कुठं मिळाली?"

"लि... लिलावात."

"आम्हाला मुंबईत एवढ्या स्वस्तात नाही हो मिळत! पण आढीत कुणी ठेवली?"

"मी," मी कसंबसं म्हटलं.

"अहो वहिनी, आढीत ऊब असते. आंबा पिकेल, हिचा मात्र आंबून शिरका होईल." मग दाराकडे वळून त्यांनी बाटली नणंदेच्या हातात दिली. "सूनबाई, ही गार जागी नेऊन ठेव बरं. आडवी."

सूनबाई! माझा जीव असा भांड्यात पडला की मी होते तिथेच, त्या आढीवर मटकन बसले. खाली चार हापूस चेंगरले. चेंगरू देत मेले.