नवस न पाळता घातलेला मोरपिसांचा टोप

थोरल्या नातीने परवा फोनवर सांगितलं की सुटीत ती कुठल्याशा संस्थेत सेवेसाठी जाणार आहे, तिथे तरुणांना नेतृत्व शिकवतात. मी "बरं" म्हटलं आणि विषय बदलला. तिला वाटलं, आजीला नीट ऐकू आलं नाही. ऐकू आलं होतं. ते शिकवणं मी इथे लोणखेड्यात जवळून पाहिलं आहे आणि त्याची शिसारी अजून गेलेली नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांसाठी पहिल्यापासून लिहिते.

कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मला घरात बसवेना. आमच्या गल्लीच्या टोकाला एका संस्थेचं केंद्र होतं. सातपुड्यातल्या गावांतली मुलं-मुली तिथे वर्षभर उमेदवारी करत. महिन्यातले काही दिवस केंद्रात शिकायचं, बाकीचे आपल्या गावात काम करायचं. मी त्यांना इंग्रजी बोलायला शिकवायला जाऊ लागले. तुमचे आजोबा म्हणजे ब्राह्मणपुरीचे पक्के शेतकरी, त्यांना हे पटलं नाही. "तू कसाले जास तठे?" ते म्हणाले. "इंग्रजी शिकाडीसन त्या पोरेसले सायबना पुढे उभं करतीन, दुसरं काय." मी हसण्यावारी नेलं.

संस्थेच्या प्रमुखाला सगळे दादा म्हणत. खादीचा कुडता, खांद्याला झोळी, आणि कोणी बोलू लागलं की डोळे मिटून मान हलवायची सवय. आधी मला वाटलं, हा माणूस फार लक्ष देऊन ऐकतो.

माझ्या वर्गात काठी गावाच्या पलीकडच्या डोंगरातली एक मुलगी होती. घरी पावरी बोलायची, मराठी आश्रमशाळेत शिकलेली, त्यामुळे थोडी पुस्तकी. तिच्या गावाचा झरा वर कड्यापाशी आणि खालचा पाडा उतारावर. तिथल्या बायका रोज चढून पाणी आणत. नळी टाकून ते पाणी पाड्यापर्यंत उतरवायचं, हे तिचं काम. पाइप ग्रामपंचायत देणार होती, खोदायचं गावाने. घरोघर फिरून तिने लोकांना तयार केलं होतं. गावाचा म्हातारा कारभारी नात्याने तिचा आजाच. तो सगळ्यांत शेवटी वळला. "ज्वारी निघू दे, मग खणू," असा शब्द त्याने दिला होता. ते पाणी त्या एका शब्दावर अवलंबून होतं.

त्यातच संस्थेला देणगी देणारे परदेशी पाहुणे येणार असं ठरलं. दादांनी माझ्यासमोरच तिला बोलावलं.

"तुमच्या होळीला तो साज असतो ना? मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे, अंगावर ठिपके. गावातली पोरं घेऊन ये."

"दादा, तो होळीतच घालतात. नवस पाळतो तोच घालतो. तो जमिनीवर झोपतो, चप्पल घालत नाही, बाईच्या हातचं खात नाही. अधेमधे नाही घालत."

"अगं, मग संस्कृती जपायची कशी?"

"जपतो ना. म्हणून तर घालत नाही."

दादांनी डोळे मिटून मान हलवली. "लीडरने लोकांना राजी करायचं असतं. ही तुझी परीक्षा समज."

तिने पोरं आणली नाहीत. मला वाटलं, विषय संपला.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात गेले, तर वर्षभर ज्यांना गावाचे नेते म्हटलं ती मुलं एकसारखे टीशर्ट घालून चहाचे ट्रे फिरवत होती. पाहुणा आला की वाकून पाया पडत होती. पहिल्या रांगेत कारभारी आणि तिच्या गावचे आणखी काही म्हातारे होते. दादांनी जीप पाठवून त्यांना आणलं होतं आणि प्रत्येकाच्या हातात चकचकीत कागदातला गुलाब दिला होता. आपल्याला पाण्याच्या कामासाठी बोलावलंय, अशी त्यांची समजूत होती.

ढोल वाजले आणि शहाद्याच्या कुठल्याशा हॉस्टेलची मुलं नाचत आली. टोप प्लास्टिकच्या पिसांचे, भोपळ्यांना काळा ऑइलपेंट, अंगावर टूथपेस्टचे ठिपके. तो पुदिन्याचा वास पहिल्या रांगेपर्यंत येत होता. एकाच्या पायात स्पोर्ट शूज होते. दादांनी माइकवर सांगितलं की हा आपल्या या मुलीच्या गावचा सुगीचा नाच, आणि इंग्रजीत सांगा म्हणून माइक माझ्याकडे दिला.

मी खरं तेच सांगितलं. हा होळीच्या नवसाचा पोशाख आहे, आज होळी नाही, या मुलांनी काही पाळलेलं नाही, हे घालायला नको होतं. ते ऐकूनही एका पाहुण्या बाईंनी हात छातीशी नेला, किती सुंदर म्हणाल्या, आणि टोप घालून बघू का असं विचारलं. त्याची दोरी त्यांच्या हनुवटीखाली दादांनी स्वतः बांधली. मग फोटोसाठी ते कारभाऱ्याला दंडाला धरून उठवू लागले.

म्हातारा आपणहून उठला. गुलाब खुर्चीवर ठेवला आणि बाहेर जीपकडे चालू लागला. बाकीचेही त्याच्यामागे गेले.

ती मुलगी चहाच्या टेबलापाशी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

"कुठे निघालीस? आता तुझं भाषण आहे," दादा म्हणाले.

"गावाला."

"असं मधूनच गेलीस तर पुढच्या वर्षी घेता येणार नाही हं तुला."

"मला आधी गावाने घेतलं पाहिजे, दादा."

घरी येऊन मी साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. तुमच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी टोमणा मारला नाही. "जेवी ले आते," एवढंच म्हणाले आणि ताट पुढे सरकवलं.

डोंगरात फोन लागत नाही. ती धडगावच्या बाजाराला आली तेव्हा तिथून तिने फोन केला. गावाची बैठक बसली होती. साज तू घातला नाहीस, पण ज्यांनी त्याचं हसं केलं त्या घरची तू, असं ठरलं. देवाला कोंबडी आणि मोहाची दारू तिने द्यायची. तोवर कुदळ उचलायची नाही.

"यात तुझी काय चूक?" मी विचारलं.

"चूक नाही, बाई. पण कोणीतरी फेडायला पाहिजे. दादा थोडेच येणार आहेत?"

कोंबडी तिच्या आईची गेली.

काही दिवसांनी दादाच आमच्या ओट्यावर आले, हातात पेढ्यांचा बॉक्स. "काकू, तिकडे खोदाई सुरू झाली म्हणे. आपल्याच मुलीचं काम. तुमचं ऐकते ती, दोनचार फोटो मागवा ना. पाहुण्यांना पाठवायचेत."

त्यांना लाज वाटत नव्हती. खरंच वाटत नव्हती. मी म्हटलं, "तुमची मुलगी नाही ती. आणि हा बॉक्स घेऊन जा." दादांनी डोळे मिटले, मान हलवली आणि पेढे तिथेच ठेवून गेले. ते मी गाईलाही घातले नाहीत. उकिरड्यावर टाकले.

पुढच्या बाजाराला तिचा पुन्हा फोन आला. मी आधी कारभाऱ्याचं विचारलं.

"आला होता कुदळ घेऊन. पहिल्या दिवशी माझ्या शेजारीच खणत होता, पण तोंडातून शब्द नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही."

"आणि मग?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला, पोरी, पाणी दे."

तिने ते मला पावरीत म्हणून दाखवलं, आणि मग पाड्याकडे जाणारी जीप पकडायची म्हणून फोन ठेवला.