टेपवर घातलेला नंबर

कोर्टातल्या कारकून मित्रांनो, आज घडलेलं लिहून फळ्यावर लावतो आहे.

वकिलांना टेपरेकॉर्डर वापरायला शिकवणारा वर्ग झाला, त्याला आमचे वकीलसाहेब गेले नव्हते. "या वयात कसली शाळा रे?" म्हणाले.

आज भवानी पेठेतल्या यल्लव्वा टेप घेऊन आल्या. मरण्यापूर्वी दवाखान्यात त्यांच्या मुलाने मारणाऱ्यांची नावं त्यात सांगितली होती.

आपण प्रत्येक कागदाच्या माथ्यावर केसचा नंबर घालतो. साहेबांनी तो टेपच्या सुरुवातीला बोलून घातला. मग टेप लावली. नंबरानंतर नुसतं कण्हणं उरलं होतं.

"साहेब, माझं पोरगं बोललेलं कुटं गेलं?" यल्लव्वांनी विचारलं.

साहेबांनी टेप परत पहिल्यापासून लावली.

टेपवर नवं बोलणं भरलं की तिथलं जुनं पुसलं जातं, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. तुमचे साहेब गेले होते का?