मुकादमांचं विद्यापीठ

मुकादम कुठल्याही नव्या ठिकाणी गेले की आधी पाणी कुठं आहे ते विचारायचे. लग्नाचा मांडव असो, दवाखाना असो, तहसील असो, रामराम झाला की दुसरं वाक्य तेच. तहान लागलेली असायचीच असं नाही. पाण्याची जागा एकदा नजरेखालून गेली की मग ते खाली टेकायचे आणि कामाचं बोलायला लागायचे. माझ्या केंद्रात पहिल्यांदा आले तेव्हा मी कोपऱ्यातला माठ दाखवला. त्यांनी मान डोलावली, पाण्याला हातही लावला नाही, आणि खुर्ची ओढून बसले. मनात म्हटलं, गिऱ्हाईक तऱ्हेवाईक दिसतंय.

नांदूरघाटला माझं ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, जे म्हणाल ते. आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या नेणारे मुकादम पायलीला पन्नास मिळतील, पण नुसतं 'मुकादम' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं हेच यायचे. खरं नाव मला त्यांचं आधार कार्ड हातात आलं तेव्हा कळलं, आणि जिभेवर काही ते बसलं नाही. आवाज असा, की माझ्या दुकानात बोलले तर समोरच्या सलूनवाल्याला उत्तर द्यावंसं वाटायचं. वर्षानुवर्षं चालू ट्रकच्या इंजिनावर आवाज चढवून बोलायची सवय, ती कुठं जाणार?

पाण्याचं कारणही त्यांनीच सांगितलं. दसरा उलटला की ते टोळी घेऊन कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात जायचे. कारखाना एखादा माळ दाखवणार, त्यावर टोळीनं कोप्या घालायच्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या उभ्या करायच्या आणि पाच-सहा महिने तिथं काढायचे. पाणी लांब असलं की बायकांचा निम्मा जीव वाहण्यातच जायचा. म्हणून हंगामाआधी मुकादम स्वतः जाऊन जागा बघून यायचे. "कारखाना ग्वाड बोलतो ताई," ते म्हणायचे, "पानी खोटं बोलत न्हाई."

आणि हा माणूस एक दिवस माझ्यापुढं बसून विचारतो, "एम.एस.डब्ल्यू. घरबसल्या व्हती का?"

झालं होतं असं. तेलगावच्या अलीकडं एका संस्थेनं ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं होतं. आईबाप तोडीला गेले की मुलांनी तिथं राहायचं आणि शाळा चालू ठेवायची. पण अधीक्षक म्हणून येणारा माणूस टिकत नव्हता, आणि अनोळखी माणसाच्या हवाली लेकरं करायला आईबाप तयार नव्हते. संस्थेच्या बाईंनी मुकादमांना विचारलं. ते तरुणपणी केजच्या कॉलेजात बी.ए. झालेले होते, एवढं एक बरं होतं. बाईंनी अट मात्र स्पष्ट घातली. आता तात्पुरते या, पण तीन वर्षांच्या आत मान्यता असलेल्या विद्यापीठाची एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, हातात पाहिजे, नाहीतर त्या जागी दुसरा माणूस येईल.

पन्नाशीला टेकलेल्या माणसानं हे लचांड कशाला गळ्यात घ्यायचं, असं मी तोंडावर विचारलं. घरी त्यांच्या बायकोनं म्हणे याहून कडक शब्दांत विचारून झालं होतं. मुकादम त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाले, "माझ्या टोळीतलं एक बी लेकरू धाव्वी झालेलं न्हाई. एक बी." मी संगणक चालू केला.

पुढचे काही आठवडे माझ्या दुकानाचा नुसता बाजार झाला. एकदा कुठं तरी त्यांचा नंबर टाकला, आणि देशभरातली विद्यापीठं त्यांच्या मागं लागली. बीडमधला एक एजंट दुकानात येऊन बसला. एका वर्षात दोन्ही वर्षांचं उरकून देतो, परीक्षाही घरूनच, पुस्तकं समोर ठेवून लिहा म्हणाला. मुकादमांनी त्याला चहा पाजला, वाटेला लावला, आणि मला म्हणाले, जो ऊस तोडावाच लागत नाही तो ऊस नसतोच. मग पुण्याच्या एका विद्यापीठाची मुलगी रोज फोन करायला लागली. तिचं बोलणं खरोखर गोड होतं. सर, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांसाठीच हा कोर्स आहे, सर, शेवटच्या दोन जागा आहेत, सर, ऑफर आज संध्याकाळी बंद होतेय. मुकादम फोन स्पीकरवर टाकून ऐकायचे आणि तिलाच उलट विचारायचे, की जेवलीस का, गाव कुठलं, घरी कोण असतं.

त्या पुण्याच्या विद्यापीठाची वेबसाइट मला आवडली होती, खोटं कशाला बोलू. हिरवळ, काचेच्या इमारती, टोप्या उडवणारी मुलं. नाव मान्यतेच्या यादीतही होतं, मी तपासलं होतं. मी म्हटलं, अण्णा, टाका भरून. ते म्हणाले, जागा बघून येतो.

मी समजावलं, की अण्णा, हे ऑनलाइन आहे, तिथं जायचं नसतं, तीच तर त्यातली गंमत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, फडक्यात भाकरी-ठेचा बांधून ते पुण्याच्या एसटीत बसले. ऑनलाइन विद्यापीठ बघायला प्रत्यक्ष गेलेला माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकटाच असेल. गावात दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मीही पोट धरून हसले.

परत आले ते थेट दुकानात. हिरवळ नव्हती. इमारतीचा एक मजला होता, काचेचं दार, दाराशी थंड पाण्याची बाटली देणारी मुलगी. वर्ग कुठं आहेत म्हणून विचारलं तर ती गोंधळली. मग त्यांनी रोज फोन करणाऱ्या मुलीचं नाव सांगितलं. ती बाहेर आली आणि यांना बघून चाटच पडली. आजवर तिला भेटायला कुणी आलंच नव्हतं. यांनी तिच्या हातावर भुईमुगाच्या शेंगांची पुडी ठेवली. ती त्यांना आत घेऊन गेली. आत मोठी खोली होती, रांगांनी बसलेली पोरंपोरी होती, सगळ्यांच्या कानाला यंत्र आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य.

"ताई," मुकादम म्हणाले, "तितं आख्खी खोली मुकादमांची व्हती."

मी हसायला लागले. ते हसत नव्हते. "चेष्टा न्हाई. दोनच जागा ऱ्हायल्या, आजच्या आज सांग, उद्या गाडी भरंल. हे माझंच बोलनं हाय. मी दर साली दारोदार जाऊन हेच बोललो. गाडी कदी बी भरलेली नसायची."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी उगाच प्रिंटरमध्ये कागद भरत बसले. त्या मुलीबद्दल ते वाईट बोलले नाहीत. तिलाही वरून हाकतात, म्हणाले. लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा तीच पुटपुटली म्हणे, की काका, घाई करू नका.

मग त्यांनी त्यांच्या पद्धतीनं काम सुरू केलं. त्यांचा एक दंडकच होता, की कारखान्याला कारखान्याबद्दल विचारायचं नाही, तिथून परत आलेल्या टोळीला विचारायचं. एका सरकारी विद्यापीठाचा ऑनलाइन अभ्यासक्रम होता. वेबसाइट बघून कुणीही पळून जावं अशी. पण केजच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरनं तिथून एम.एस.डब्ल्यू. केल्याचं त्यांनी हुडकून काढलं आणि तिच्या घरी जाऊन बसले. तिनं तक्रारींचा पाढाच वाचला. पुस्तकं उशिरा येतात, निकाल लांबतात, प्रत्यक्ष माणसांत जाऊन करायचं क्षेत्रकार्य खोटं दाखवून भागत नाही, परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते. पण पदवी सगळीकडं चालते. मुकादम खुशीत परत आले. मी विचारलं, एवढ्या तक्रारी ऐकून खूश कसले होता? ते म्हणाले, ज्या कारखान्याची तक्रारच कुणी सांगत नाही, तिथं कुणी हंगाम पुरा केलेला नसतो.

राहता राहिला त्या विद्यापीठाचा फोन. रोज दुपारी ते माझ्या दुकानातून लावायचे, रोज नुसती घंटी वाजायची. बऱ्याच दिवसांनी एका थकलेल्या आवाजाच्या माणसानं उचलला. मुकादमांनी एकच विचारलं, की मी नापास झालो तर कुणाला फोन करायचा? तो माणूस म्हणाला, मलाच करा, जेवणाच्या सुट्टीनंतर करा, तेव्हा मी जागेवर असतो. मुकादमांनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. "पानी लांब हाय," ते म्हणाले, "पर हाय." त्याच दिवशी अर्ज भरला.

मग मुकादम तेलगावकडं राहायला गेले. वसतिगृहाच्या ओट्यावर फोन भिंतीला टेकवून तासाला बसायचे. शिक्षक इंग्रजी फार झाडायला लागले की मला फोन यायचा, ताई, ह्ये काय म्हनला ते सांग. हिवाळ्यात क्षेत्रकार्यासाठी त्यांनी जागा निवडली ती आपल्याच जुन्या टोळीची, कर्नाटकातल्या कारखान्यावरची. आता टोळी दुसऱ्या मुकादमाकडं होती. तिथं काय झालं ते त्यांनीच मला सांगितलं, काही न झाकता. किती वाजता उठता, अंघोळीला आडोसा कुठं, बाळंतीण किती दिवसांनी फडात जाते, असे प्रश्न घेऊन ते कोपीपुढं बसले होते. टोळीतली सगळ्यांत जाणती बाई गयाबाई. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, "मुकादम, इतकी वरसं आमच्या संगं व्हतात. तवा दिसत न्हवतं व्हय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काय म्हननार? दिसत व्हतं."

पहिल्या वर्षी ते संशोधन पद्धतीच्या पेपरात आपटले. दुसऱ्यांदाही आपटले. बाईंनी घातलेली मुदत संपत आली होती आणि जागेसाठी एका तरण्या उमेदवाराचं नाव ऐकू येत होतं. नियमित कॉलेजात शिकलेला, फाडफाड बोलणारा. मला त्या सरकारी विद्यापीठाचा राग यायला लागला. पुण्याचं घेतलं असतं तर एव्हाना पदवी भिंतीवर लागली असती, असं मी एकदा बोलूनही गेले. मुकादम म्हणाले, लागली असती. एवढंच. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या थकलेल्या आवाजाच्या माणसाला फोन करायचे, तो सरासरी आणि मध्यांक पुन्हा समजावायचा, आणि हे वहीत उतरवून घ्यायचे. तिसऱ्या खेपेला सुटले. निकाल मीच उघडला. पास झालात म्हटल्यावर त्यांनी फोनवर मला मार्क दोनदा वाचून दाखवायला लावले.

पदवी आली, जागा कायम झाली. तरी त्यांचा जीव टांगणीलाच होता. तात्पुरत्या दिवसांत त्यांच्याकडं इतर गावांची मुलं आली होती, पण त्यांच्या स्वतःच्या टोळीनं एकही लेकरू ठेवलं नव्हतं. लेकरं फडात धाकट्यांना सांभाळतात, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे बांधतात, आणि मुकादमाच्या शब्दावर लेकरू सोडायचं म्हणजे काय, हेही ती माणसं अनुभवानं जाणून होती. पदवी सरकारला दाखवता येते, यांना काय दाखवणार?

दसऱ्यानंतर टोळी निघाली त्या सकाळी ते गावात आले. वेशीजवळ ट्रक उभा होता, भांडीकुंडी, बोचकी, कोंबड्या चढवणं चाललं होतं. मीही दुकान उघडायच्या आधी तिथं गेले होते. नव्या मुकादमाचा आरडाओरडा चालू होता. आमचे मुकादम बाजूला उभे होते, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली पदवी. लोक त्यांना रामराम करत होते आणि लेकरं वर चढवत होते. एक गेलं, दुसरं गेलं. मला तिथं थांबवेना आणि निघवेनाही.

शेवटी गयाबाई आली. बरोबर सातवीतली नात होती. मुकादम पुढं झाले, पिशवीतून पदवी काढली आणि बोलायला लागले, की हे बघा, सरकारमान्य आहे, वसतिगृहाची नोंद आहे, मी स्वतः तिथंच राहतो, पोरींना वेगळी खोली आहे, सांभाळायला बाई आहे. पाठ केल्यासारखं बोलत होते. गयाबाईनं कागदाकडं बघितलंही नाही. तिनं नातीचा हात त्यांच्या हातात दिला.

"तुमी नेत व्हता तवा कदी इचारलं न्हाई कुठं नेता म्हनून," ती म्हणाली. "आता ठिवून घेता तर काय इचारायचं?"

आणि ती ट्रकमध्ये चढली. मुकादमांनी एका हातानंच पदवी परत पिशवीत सारली. एवढा मोठा आवाज, पण त्या दिवशी अगदी हळू काढून ते नातीला वसतिगृहात पाणी कुठं आहे ते सांगायला लागले.