खैरनारसाहेबांची तिसरी बिजागरी

जयराम सहादू खैरनार हा माणूस जन्मभर बिजागऱ्याच करत आला. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायची नाशिकच्या सातपूरमध्ये कोणाची टाप नव्हती. मी वाळू घुगे, सिन्नरचा, त्यांचा स्टोअरकीपर. साहेब नोकरी बदलत तेव्हा आवडत्या कपाटासारखं मलाही सोबत नेत, म्हणून मला बोलायचा हक्क आहे.

एकाहत्तर साली ते जीपच्या दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी एक यंत्र बनवलं. ते दिवसभर दार उघडायचं आणि मिटायचं. बिजागरी टिकली की पास. कल्पना चांगली होती, खोटं कशाला बोलू? पण साहेबांना तिचं असं वेड लागलं की लग्नाला गेले तरी नवरदेवाच्या गाडीचं दार आपटून आपटून बघायचे. नवरदेव आत घामाघूम, वाजंत्री बाहेर ताटकळलेली.

पुढे ओझरच्या विमान कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कंपनीत ते मॅनेजर झाले. तिथे विमानांच्या झडपांच्या बिजागऱ्या. यंत्र तेच, रंग नवा. साहेब विमानात कधी बसले नव्हते, पण ‘आमच्या एव्हिएशनमध्ये’ म्हटल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. याच काळात त्यांना खाली बसायची लाज वाटू लागली. कँटीनमधल्या सतरंज्या गेल्या, टेबलं आली. खंडेनवमीला यंत्रांच्या पूजेला भटजी पाट मांडायचे, साहेब खुर्ची मागवायचे. सटाण्याला कांदे साठवायच्या चाळीत वाढलेला माणूस, पण नाकानं कांदे सोलावेत ते त्यांनीच.

चौऱ्याऐंशीत ते आणखी एका कंपनीत डायरेक्टर झाले. ही कंपनी माणसाच्या खुब्यात बसवायचा पोलादी सांधा बनवायची. ‘‘माणूस म्हणजे तरी काय, घुगे? चालती-बोलती बिजागरी!’’ यंत्र पुन्हा तेच. खुर्चीवरून उठायचं, खुर्चीवर बसायचं, एवढंच ते सांध्याकडून करून घ्यायचं. त्यापुढे त्याला वाकवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात साहेबांच्या आई, मालनबाई, सटाण्याला चाळीतच घसरून पडल्या आणि खुबा मोडला. नवरा गेल्यापासून म्हातारीचा सगळा जीव त्या चाळीत. बायकांच्या घोळक्यात उकिडवं बसायचं, कांदे निवडायचे आणि गावाची उणीदुणी काढायची. तिनं लेकाला एकच विचारलं, ‘‘पह्यलासारखी चाळमा बसू ना रे मी?’’

‘‘अगदी पहिल्यासारखी,’’ साहेब म्हणाले. अहिराणी त्यांनी नाशकात कधीच सोडून दिली होती.

आपल्याच कंपनीचा सांधा बसवला. काठी घेऊन म्हातारी चालू लागली. मग काय विचारता! मुंबईचे डॉक्टर आले, चालवा आईला. बँकेचे लोक आले, चालवा आईला. दिवाणखान्यात तिच्या इतक्या फेऱ्या झाल्या की ती म्हणाली, आता मला सटाण्याला सोडा. साहेब म्हणाले, खंडेनवमी होऊ दे.

त्या दिवशी यंत्राला झेंडूची माळ घातली आणि शेजारी मालनबाईंसाठी खुर्ची ठेवली, म्हणजे यंत्र आणि पुरावा एकाच फोटोत. कुंकू लावायला म्हातारी पुढे झाली. खुर्चीकडे बघून हसली.

‘‘देवना समोर खुर्चीवर बसतस का रे कोनी?’’

आणि जन्मभर बसत आली तशी पाटावर उकिडवी बसली. कट्कन आवाज झाला. सांधा निखळला होता. तिची किंकाळी साऱ्या वर्कशॉपमध्ये ऐकू गेली.

कंपनीच्या मॅटॅडोरमधून तिला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन केलेले डॉक्टर खैरनारसाहेबांवर चिडले. ‘‘ऑपरेशनच्या आधी मी विचारलं होतं ना, बाई खाली बसतात का? तुम्ही म्हणालात, आमच्याकडे सगळे खुर्चीवरच बसतात!’’

साहेबांनी टाय सारखा केला. जिनं खाली बसून पाखडलं, निवडलं आणि याला इंजिनिअर केलं, तिची याला एका डॉक्टरापुढे लाज वाटली. मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही.

डॉक्टरांनी सांधा जागेवर बसवला आणि बजावलं, आता जन्मात खाली बसायचं नाही.

साहेब गप्प बसणारे नव्हते. त्यांनी लगेच सुधारणा केली. सांध्यात नाही, यंत्रात नाही, सांध्याच्या डब्यातल्या माहितीपत्रकात: ‘रुग्णाने जमिनीवर बसू नये.’ अख्खा जिल्हा जमिनीवर बसून जेवतो, पण चूक जिल्ह्याची! मुंबईच्या एका परिषदेत यावर त्यांचं भाषण झालं आणि टाळ्याही पडल्या.

आईसाठी त्यांनी गादीची, हातांची, उंच खुर्ची करून घेतली. ती पोचवायला मलाच टेम्पोत बसवलं. सटाण्याला मी ती चाळीत मांडली आणि मालनबाईंना वर बसवलं. खाली बायका कांदे निवडत होत्या. म्हातारी वाकली, हात लांबवला, पुन्हा लांबवला, मग मांडीवर ठेवून दिला.

‘‘साहेबांना काय सांगू?’’ मी विचारलं.

‘‘सांग, खुर्ची चांगली शे,’’ ती म्हणाली. ‘‘पन आते कांदा दूर पडतस.’’