कयाओची सेंटर फॉरवर्ड

दुपारच्या त्या पेंगुळलेल्या प्रहरी, जेव्हा सगळी सोसायटी पंख्याखाली आडवी झालेली असते आणि मानपाडा रस्त्यावरच्या रिक्षासुद्धा जरा दमाने जातात, तेव्हा आमच्या इमारतीच्या मागल्या बाजूने एक आवाज यायचा. धप्. मग क्षणभर निःशब्दता. मग पुन्हा धप्. चेंडू भिंतीवर आदळून परत पायाशी येण्याचा तो नाद इतका संथ, इतका धीरगंभीर असे की विहारातल्या वंदनेची आठवण व्हावी. गंमत अशी की त्या नादाने माझा डोळा लागे आणि शेजाऱ्यांची झोप मोडे. एकच ध्वनी एकाला अंगाई आणि दुसऱ्याला उपद्रव का वाटावा? भिंतीपाशी कोण उभं आहे हे ज्याला ठाऊक असतं, त्याला बहुधा आवाजाचा त्रास होत नाही.

भिंतीपाशी माझी सून असे. मिलाग्रोस तिचं नाव. पेरू देशात, राजधानीला लागून असलेल्या कयाओ नावाच्या बंदरात ती जन्मली, तिथेच फुटबॉलची सेंटर फॉरवर्ड झाली, आणि जहाजावर इंजिनीअर असलेल्या माझ्या मुलाशी, सुबोधशी, लग्न करून डोंबिवलीला आली. खालच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंनी अगदी निर्मळ मनाने विचारलं होतं, "पेरू म्हणजे आपला तिखटमीठ लावून खातो तो? त्याचा देशपण असतो?" तिच्या नावाचा अर्थ चमत्कार. कोणी त्याचं कौतुक केलं की ती म्हणे, "चमत्कार नाही. प्रॅक्टिस."

भाजी निवडताना, पोळ्या लाटताना, तिचं पूर्वायुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. कयाओचं आभाळ म्हणे महिनोन्‌महिने राखाडी असतं. दव पडतं, पण पाऊस असा पडत नाही. वस्ती वाळूच्या टेकडीवर, आणि टेकडीच्या माथ्यावर गवताचं एक पातंही नसलेलं मैदान. वडील धक्क्यावर मासळीच्या पेट्या उतरवत. थोरल्या भावाचे बूट दोन अंकांनी मोठे. त्यांच्या टोकाला चिंध्या कोंबून ही खेळायची. आई रोज तिचे सोललेले गुडघे बघून कपाळाला हात लावायची. मुलीच्या गुडघ्यांवर वण पडले तर तिला कोण पत्करणार, ही चिंता त्या अफाट समुद्रापलीकडच्या आईलाही होती, हे ऐकून मला हसू आलं आणि पाठोपाठ गलबलूनही आलं. माणसांनी किती भाषा घडवल्या, किती खंड ओलांडले. पण आयांना वाटणारी धास्ती मात्र कुठेही बदलली नाही.

ती पुढे क्लबकडून खेळली, देशाकडून खेळली. देशाचा शर्ट मिळाला तो पुरुषांच्या संघाने वापरून टाकलेला, बाह्या कोपराखाली लोंबणारा. ती बाह्या दुमडून मैदानात उतरली आणि गोल करून आली. मग ऐन सव्विशीत, उडी मारून खाली येताना, डाव्या गुडघ्याच्या आतला अस्थिबंध तुटला. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण खेळणं विसरा. क्लबने तर बोलावणंच थांबवलं. तिने काय करावं? वर्षभर ती पहाटे त्याच टेकडीची वाळू चढत राहिली, आधी चालत, मग पळत, आणि एके दिवशी न बोलावता क्लबच्या सरावाला जाऊन उभी राहिली. त्या हंगामात तिने गोल केले. पुढच्या हंगामात तिला सांगण्यात आलं की गुडघा ठीक आहे, पण आता वय झालं.

"तेव्हा तू रडलीस का गं?" मी विचारलं होतं.

"रडले. मग दुकानात काम पकडलं," ती म्हणाली.

ते दुकान बंदरावर येणाऱ्या जहाजांना धान्य-भाजीपाला पुरवणारं. तिथे एक दिवस आमचे चिरंजीव तिखट मिरची मागायला गेले. तिने दिलेली मिरची खाऊन त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी त्यांनी दुसरी मागितली. असा हट्टी माणूस आपल्याला चालेल, असं तिने तिथेच ठरवलं. लग्न आमच्याकडे झालं, पांढऱ्या साडीत, बुद्धवंदना म्हणून. पाली तिलाही परकी आणि आमच्या निम्म्या वऱ्हाडालाही. त्यामुळे त्या दिवशी ती अजिबात उपरी वाटली नाही.

नात झाली, सुबोध पुन्हा जहाजावर गेला, आणि वयाची छत्तिशी ओलांडलेली ही बाई मागच्या भिंतीशी चेंडू मारू लागली. सोसायटीने प्लास्टरचं कारण काढून मनाई केली. वाद घालण्याइतकं मराठी तेव्हा तिच्याकडे नव्हतं. ती चेंडू काखेत मारून बाहेर पडली आणि चालत चालत ठाकुर्लीच्या बाजूच्या एका मैदानावर पोहोचली. तिथे पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या मुली होत्या. तिने त्यांच्यासमोर चेंडू ठेवला. एवढंच.

महिन्याभरात तिचा संघ उभा राहिला. शहाडची निशा, जिचे वडील रिक्षा चालवतात, ती गोलकीपर झाली, कारण तिला कशाचीच भीती वाटत नसे. मुली तिला मिलाताई म्हणू लागल्या, आणि तिचं मराठीही त्यांच्यासारखंच झालं. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. माझ्या घरात माझी सून "आई, मी मैदानावर गेलेली ना, तिथे एकदम भारी प्रॅक्टिस झाली" असं बोलू लागली. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. भाषा जिथे पाय रोवायला जागा देते, तिथे व्याकरणाने आडवं का यावं?

यंदा माघ महिन्याच्या सुमारास कल्याणात दोन दिवसांची फुटबॉल स्पर्धा होती. पुरुषांचे सामने, आणि दुसऱ्या दिवशी महिलांचा एक सामना: आमच्या मुलींचा, ठाण्याच्या एका संघाविरुद्ध. आयोजकांनी पूर्ण वेळेचा सामना कबूल केला होता. मी नातीला शेजारी बसवून पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले होते. पुरुषांचा उपांत्य सामना लांबला, पेनल्टीपर्यंत गेला, उन्हं कलली. मुली बुटांच्या नाड्या बांधून कडेला उभ्या होत्या. तेवढ्यात आयोजक, पांढऱ्याशुभ्र शर्टातले एक हसतमुख गृहस्थ, त्यांच्याजवळ आले.

"ताई, जरा ॲडजस्ट करा. प्रमुख पाहुणे निघालेत. तुम्ही पाच-पाच मिनिटं खेळून घ्या, फोटो काढू, सत्कार उरकू, मग फायनल लावतो."

उरकणं. किती वर्षं मी हे क्रियापद फळ्यावर लिहिलं असेल, आणि त्याचं खरं वजन मात्र त्या संध्याकाळी कळलं. आपल्याकडे बायकांचं सगळं उरकायचं असतं. जेवण उरकायचं, बाळंतपण उरकायचं, शिक्षणही लग्नाच्या आधी उरकून घ्यायचं. मी लहान असताना, कल्याणच्या चाळीतून शाळेत जायची तेव्हा, खेळाच्या तासाला मुलगे मैदानावर आणि आम्ही मुली वऱ्हांड्यात टाके घालत बसलेल्या. मैदान आमच्यासमोर असे, स्वच्छ, सोनेरी, हाकेच्या अंतरावर. पण ती हाक आम्हाला कधी कोणी मारली नाही. बाजूला बसवलेल्या माणसाला मैदान जितकं स्पष्ट दिसतं, तितकं ते खेळणाऱ्यालाही दिसत नसेल.

मिलाग्रोसने आयोजकांचं बोलणं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "का?"

"का म्हणजे? वेळ नाही ना."

"मुलांची मॅच लांब झाली. आमची छोटी का?"

ते पुन्हा हसले. ती वळली, मैदानाच्या मध्यभागी गेली आणि मधल्या वर्तुळात मांडी घालून बसली. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला, त्यामुळे तो पाय जरा लांब सोडलेला. निशा धावत जाऊन तिच्याशेजारी बसली. पाठोपाठ बाकीच्या मुली. ठाण्याच्या संघाच्या मुली एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांची कप्तान, एक उंच, सावळी मुलगी, सावकाश चालत आली. "आम्हीपण एवढ्या लांबून पाच मिनिटांसाठी नाही आलेलो," ती म्हणाली, आणि तिचाही संघ खाली बसला.

प्रेक्षकांतून शिट्ट्या सुरू झाल्या. "उठा की, टाइमपास नका करू," कोणीतरी ओरडलं. माईकवरून विनंत्या झाल्या. शेवटी ते गृहस्थ माझ्याकडे आले. आवाजात एकदम आदर.

"मॅडम, तुम्ही शिक्षिका. सूनबाईंना दोन शब्द समजावून सांगा."

"समजवायला हवं खरं," मी म्हणाले. "पण कोणाला, ते तुम्ही ठरवा."

नातीचा हात धरून मी मैदानात गेले. माझेही गुडघे आता कुरकुरतात. बसताना निशाने दंड धरला. गवत उन्हाने तापलेलं होतं आणि त्याला मातीचा, घामाचा, टाचांनी चिरडलेल्या मुळांचा वास येत होता. आयुष्याच्या पासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा एखाद्या मैदानाच्या आत बसले होते. मिलाग्रोसने माझ्याकडे पाहिलं. "आई, साडी खराब होईल."

"होऊ दे," मी म्हणाले.

किती वेळ बसलो कोण जाणे. पाहुण्यांची गाडी आली, पाहुणे मंडपात बसले, चहा झाला. शिट्ट्या हळूहळू विरल्या. मग मागच्या कठड्यावरून काही बायका, बहुधा सामना बघायला आलेल्या खेळाडूंच्या आया-बहिणी, "खेळू द्या त्यांना" म्हणू लागल्या. एका आवाजाचे दहा झाले, दहाचे किती ते मोजण्यापलीकडे. आयोजकांच्या चेहऱ्यावरचं हसू पहिल्यांदाच उतरलं. ते पंचांशी काहीतरी पुटपुटले. पंचांनी चेंडू मधोमध ठेवला आणि आम्हाला म्हणाले, "पूर्ण वेळ. आजी, तुम्ही आता बाहेर या."

तो सामना मी तुम्हाला कसा सांगू? आमच्या मुली लवकरच एक गोल खाऊन बसल्या. ठाण्याच्या दोघी मिलाग्रोसला चिकटून होत्या. ती वळली की वळत, थांबली की थांबत. पूर्वार्धात तिच्या पायाला चेंडू लागलाच नाही म्हणा ना. उत्तरार्धात निशाने लांब फेकलेला चेंडू तिने छातीवर घेतला, आणि सगळ्या उजवीकडे धावल्या असताना ती डाव्या पायावर, त्याच तुटून सांधलेल्या गुडघ्यावर, गर्रकन फिरली. चेंडू खांबाला आतून लागून जाळीत गेला. तिने हात वर केले नाहीत की धावली नाही. चेंडू जाळीतून काढून काखेत घेतला आणि मधल्या रेषेकडे चालू लागली. जणू म्हणत होती, चला, वेळ आहे अजून.

वेळ होता, आणि त्या वेळात आम्ही हरलो. शेवटाकडे कॉर्नरवरून ठाण्याच्या त्या उंच कप्तानने डोक्याने गोल केला. निशा गुडघ्यांत तोंड घालून बसली. मिलाग्रोस आधी कप्तानला मिठी मारून आली, मग निशापाशी उकिडवी बसून तिच्या हातमोज्यांवरची माती झटकत राहिली.

माईकवरून घोषणा झाली, की थेट पेरू देशातून आलेल्या आपल्या विशेष पाहुण्या भगिनींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होत आहे. ती व्यासपीठावर गेली. शाल उलगडलेली होती, फोटोवाला तयार होता. तिने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, शाल अंगावर पडण्याआधी एक पाऊल मागे सरकली आणि माईक मागितला.

"मी पाहुणी नाही," ती म्हणाली. "मी डोंबिवलीला राहते. आम्ही आज हरलो, हरलेल्याला शाल कशाला? पुढच्या वर्षी मुलींची पूर्ण स्पर्धा ठेवा. पहिल्या दिवसापासून. मी येणार."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते. शाल घडी होऊन तबकात परत गेली. परतीच्या रिक्षात तिचा गुडघा टम्म सुजला होता. मी त्यावर ओला रुमाल धरून बसले, नात माझ्या मांडीवर पेंगत होती.

पुढच्या वर्षी मुलींची स्पर्धा होईल का? आयोजकांनी होकार दिलेला नाही, आणि नकार द्यायचीही त्यांची छाती झालेली नाही. मुलींनी वाट पाहायचं सोडून दिलं आहे. शहाड, ठाणे, बदलापूर आणि आमचा डोंबिवलीचा असे चार संघ त्यांनी स्वतःच जमवले असून मैदानाच्या परवानगीसाठी त्यांच्या खेपा चालू आहेत. परवानगी नाही मिळाली तर काय, असं मी विचारलं, तर निशा म्हणाली, "मग परत बसू, आजी. बसायला कुठे पैसे पडतात?" मानी माणसाचा हट्ट आणि अडेल माणसाचा हट्ट यांत फरक असतो, पहिल्याला आपल्या शेजारी आणखी कोणी बसावं असं वाटतं.

परवा कल्याणला नात्यातलं एक लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत नणंदेच्या जावेने, मायेने, सहज विचारलं, "तुमची सून पूर्वी फुटबॉल खेळायची ना?" खेळायची. रीतिभूतकाळ. एखादी गोष्ट नेहमी घडत असे आणि आता घडत नाही, हे सांगण्यासाठी मराठीने केलेली ही किती सौम्य, किती निर्दय सोय. किती बायकांची आयुष्यं या एका रूपात घडी घालून ठेवलेली मी ऐकली आहेत: गायची, पोहायची, चित्रं काढायची. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, आणि म्हणूनच कोणी दुरुस्त करत नाही.

मी हातातला घास ताटात ठेवला.

"खेळते," मी म्हणाले.

"हो? मग आज दिसली नाही ती?"

"ठाकुर्लीला सामना आहे तिचा," मी सांगितलं, आणि जेवण पुढे चालू केलं.